श्वास घेणारा गठ्ठा

खरं सांगते, अगदी खरं! यातला शब्द न् शब्द घडलेला आहे. खोटं बोलत असेन तर माझी जीभ झडो, उरलेले चार दात आजच पडोत आणि शेजारणीला पुन्हा ऐकू यायला लागो. याहून मोठी शपथ माझ्याजवळ नाही.

गावाच्या टोकाला, जिथे रस्ता संपतो आणि वास सुरू होतो, तिथे एक पत्र्याची शेड होती. अख्ख्या गावाच्या रिकाम्या बाटल्या तिथे यायच्या. पट्ट्यावरून सरकत जायच्या, बायका त्या निवडायच्या, पाण्याच्या इकडे, तेलाच्या तिकडे, आणि मग त्या प्रेसच्या लोखंडी पेटीत पडायच्या. पेटी भरली की हिरवा दिवा लागायचा. बटण दाबलं की मागून लोखंडी पाट पुढे सरकायचा आणि खोलीभर बाटल्यांचा कपाटाएवढा गठ्ठा व्हायचा. पाच तारा आवळल्या की तो निघाला कारखान्यात, वितळून पुन्हा बाटली व्हायला. बाटलीला मरण नाही. माणसाला आहे. एवढाच काय तो फरक.

प्रेस चालवायची एक सून. सून म्हणजे कुणाची? तर तिथेच पट्ट्यावर काम करणाऱ्या कानवालीची. या सासूला कानवाली म्हणायचे, कारण ती बाटली डोळ्यांनी निवडायचीच नाही. अंगठ्याने दाबायची आणि ऐकायची. कुरकुरली तर पाण्याची, फटफटली तर दुधाची. त्यासाठी तिने दोन्ही हातमोज्यांचे अंगठे कात्रीने कापून टाकले होते. वीस वर्षं तिथे काढली म्हातारीने. दोन हातांनी दोन बाटल्यांची झाकणं एकदम फिरवायची आणि टण् टण् करत डब्यात टाकायची. दिसायलाही बरी होती हो, उगाच नाही सांगत.

आणि सून? सून म्हणजे नियमाची पुतळी. भिंतीवर कागद लागला की आधी ही वाचणार, मग दुसऱ्यांना वाचून दाखवणार. घरी दुधाच्या पातेल्यावरही चिठ्ठी लावायची, ‘झाकून ठेवा’. मांजर तेवढं वाचायचं नाही.

प्रेसचा एक जुना नियम होता. तो कागदावर नव्हता, पण साऱ्यांच्या हाडात होता. बटण दाबण्याआधी प्रेसवालीने ओरडायचं, “आत कोण?” पेटीला बाजूने एक छोटं दार होतं, अडकलेलं काढण्यासाठी. तिथे जी उभी असेल तिने आत डोकावायचं आणि उत्तर द्यायचं, “कोणी नाही!” असं तीनदा. मगच बटण. फार वर्षांपूर्वी एक मांजर उबेला आत झोपलं होतं, त्यावरून हे सुरू झालं. त्या मांजराचं पुढचं मी सांगत नाही, जेवण व्हायचंय तुमचं.

त्या छोट्या दारापाशी उभी राहायची कानवाली. सुनेने विचारायचं, सासूने सांगायचं. बरीच वर्षं असं बिनबोभाट चाललं.

मग आला नवा कायदा.

कायदा वाईट नव्हता, खोटं कशाला बोलू. सुटी झाकणं गटारात जातात, गटारातून नदीत, नदीतून माशाच्या पोटात. म्हणून सरकारने ठरवलं की यापुढे झाकण बाटलीलाच राहील. लोकांनी बाटली आधी चेपायची, हवा काढायची, मग झाकण लावून द्यायची. केंद्रांनी झाकण काढायचं नाही, झाकणासकट गठ्ठा बांधायचा. ज्या केंद्रात सुटी झाकणं सापडतील त्याचा परवाना जाईल. आणि लोक चेपायला विसरले तर? त्यावरही उपाय होता. प्रत्येक केंद्राला बाटल्यांना भोकं पाडणारं यंत्र मिळणार होतं.

कायदा गाडीत बसून आला. यंत्र पायी निघालं असावं, ते काही पोचलं नाही.

आणि लोक तर लोकच! ‘आधी चेपा’ हे कुणी वाचलंच नाही. नुसती झाकणं घट्ट लावून टम्म फुगलेल्या बाटल्या यायला लागल्या.

मुकादमाने सुनेला सांगितलं, “तुझ्या सासूचा तो डबा आधी उचल. तपासणी आली तर आपण साऱ्याजणी घरी!” स्वतःलाही बायकांत मोजायचा तो, घाबरला की.

सुनेने साऱ्यांसमोर डबा उचलला. वर म्हणाली, “आई, आता झाकण काढायचं नाही. भिंतीवर लिहिलंय, वाचा जरा.”

कानवाली म्हणाली, “भिंतीला कान असतात हे ऐकलं होतं, अक्कलही असते हे माहीत नव्हतं. अगं, बंद बाटलीत कुणाचा तरी श्वास कोंडलेला असतो. तू आवळशील, पण तो गप्प बसेल होय? एक दिवस सगळे मिळून सोडतील.”

“काहीतरीच तुमचं!” सून हसली. बायकाही हसल्या.

झालं. त्या क्षणापासून सासूचं बोलणं बंद. घरी मीठ हवं असलं तरी भिंतीकडे बघून म्हणायची, “कुणीतरी मीठ सरकवा.” मुलगा दोघींच्या मध्ये बसून नुसती टपालपेटी झाला होता. आणि कामावर? सून “आत कोण?” ओरडली की म्हातारी ओठ मिटून, डोकावून, नुसता हात वर करायची. हात वर म्हणजे कोणी नाही. पेटीच्या कडेवर तो अंगठा कापलेला हातमोजा दिसला की सून बटण दाबायची. तीनदा ओरडायची, तीनदा हात. अकरा दिवस असं चाललं. सुंभ जळला तरी पीळ जाईना, आणि इकडे तर सुंभही धडधाकट होता.

बाराव्या दिवशी, भर दुपारी, तपासणी आली.

मुकादम धावत आत आला. “फाटकात गाडी! तपासणीबाई आल्या! गठ्ठा दाखवायला हवा, ताजा! दाब, दाब लवकर!”

पेटी भरलेली होती, दिवा हिरवा होता. सून ओरडली, “आत कोण?”

हात वर आला नाही.

“आत कोण?”

पट्टा खडखडत होता, पत्रा तापून टकटकत होता. छोट्या दारापाशी कुणी दिसेना.

“अगं दाब की!” मुकादम जागच्या जागी नाचत होता. “बाई उतरल्यासुद्धा!”

सुनेच्या मनात आलं, म्हातारीने आज हातसुद्धा बंद केला वाटतं. बरोब्बर आजच! मुद्दाम! तिचा पारा चढला. तिसऱ्यांदा ती ओरडली, पण ते विचारणं नव्हतं, ते रागावणं होतं. “आत कोऽऽण?” आणि उत्तराची वाट न बघता तिने बटण दाबलं.

पाट पुढे गेला. बाटल्या कडाडल्या. रोज कडाडायच्याच, पण त्या दिवशी शेवटी एक वेगळाच आवाज आला. लांबलचक, घशातून आल्यासारखा. हाऽऽऽ.

सुनेने तो ऐकला. पण हात सवयीने चालत राहिले. गठ्ठा पुढे सरकला, तिने पाच तारा ओढल्या, पिळल्या. मागे पट्टा सुरूच होता, रिकाम्या पेटीत नव्या बाटल्या धबाधबा पडत होत्या. थोड्या वेळाने दिवा पुन्हा हिरवा झाला.

“शाब्बास!” मुकादम म्हणाला. “हा दुसरा त्यांच्या डोळ्यांदेखत काढ. ओरड आणि दाब.”

सुनेने बटणावर बोट ठेवलं. “आत कोण?” असं ओरडून तिने छोट्या दाराकडे पाहिलं. हात नव्हता. तिने मान वळवली, आणि हात दिसला.

छोट्या दारापाशी नव्हे. समोरच्या गठ्ठ्यात.

गठ्ठ्याच्या कुशीतून, दुसऱ्या आणि तिसऱ्या तारेच्या मधून, चार बोटं वर करून एक हातमोजा बाहेर आला होता. अंगठ्याच्या जागी कात्रीने कापलेलं भोक. हात वर. कोणी नाही.

बटणावरचं बोट तिने चटका बसल्यासारखं उचललं, यंत्र थांबवायच्या लाल मुठीवर हात आपटला आणि सारं बंद पडलं. पट्टा थांबला. शेड इतकी शांत झाली की गठ्ठ्याचा आवाज ऐकू यायला लागला.

गठ्ठा श्वास घेत होता.

हसू नका. टम्म बाटल्या आवळून बांधल्या की त्या आतून रेटतात, आणि वर पत्र्याचं ऊन. पोट फुगत होतं, तारा करकरत होत्या, मग कुठेतरी एखादी बाटली सटकायची आणि पोट खाली बसायचं. फूऽऽ. पुन्हा वर. आणि प्रत्येक श्वासाला त्या हातमोज्याची बोटं जराशी हलायची. ये म्हणत असल्यासारखी.

“आई!” सून किंचाळली. “आऽऽई!”

कुणी ओ देईना. ती धावत पट्ट्यापाशी गेली. कानवालीचं स्टूल रिकामं. स्टुलावर चष्मा घडी घालून ठेवलेला. जेवणाचा डबा न उघडलेला. बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. आत्ता तर इथे होती, कुणी म्हणे नव्हती, कुणी म्हणे मागच्या अंगाला गेली. सून पेटीच्या छोट्या दारापाशी आली आणि खाली बघतच राहिली. दारापाशी सासूच्या चपला होत्या. शेजारी शेजारी, नीट लावून काढलेल्या. बोटं दाराकडे.

आत गेली होती. आत गेली होती, म्हणून हात वर आला नव्हता.

“हातमोजाच आहे नुसता,” मुकादम म्हणाला, लांबूनच. “पट्ट्यावरून आला असेल.”

“मग हलतोय कसा?”

“वारा असेल.”

“मुकादम, पान तरी हलतंय का कुठे?”

तेवढ्यात तपासणीबाई आत आल्या. बारीक चणीच्या, काखेत कागद लावलेली लाकडी पाटी, नाकावर चष्मा. मुकादम पुढे झाला. “या मॅडम, या, चहा घेणार? सगळी झाकणं जाग्यावर आहेत, एकही सुटं नाही...”

गठ्ठा कण्हला. हाऽऽऽ.

बाई जागीच थांबल्या. “आत कोण आहे?”

बघा हं. अकरा दिवस जो प्रश्न नुसता ओरडायचा म्हणून ओरडला जात होता, तो पहिल्यांदा कुणीतरी खरोखर विचारला.

“माझी सासू,” सून म्हणाली. “मी दाबली.”

तिने भिंतीवरचा तारा कापायचा कटर काढला. मुकादमाने तिचा दंड धरला. “वेडी झालीस? बंद बाटल्यांचा गठ्ठा आहे! तार सुटली तर गळा कापेल तुझा! आणि मॅडमसमोर गठ्ठा फोडलास तर केंद्राला टाळं लागेल!”

“लागू दे.”

“तीस जणींच्या पोटावर पाय देतेस!”

“सोडा तिला,” तपासणीबाई म्हणाल्या. त्यांनी पाटी छातीशी धरली ढालीसारखी आणि सुनेच्या शेजारी येऊन उभ्या राहिल्या. “कापा तुम्ही. बाजूने कापा.”

पहिली तार. टंग! सापासारखी उसळली आणि खांबाला वेटोळं घालून बसली. गठ्ठा इंचभर फुगला. सुनेच्या डोळ्यांसमोर काय काय यायला लागलं. अकरा दिवस भिंतीकडे बघून मीठ मागणारं ते तोंड. सकाळी म्हातारीने मुकाट पुढे केलेला चहाचा कप, आणि आपण तो न घेता केलेली पाठ.

दुसरी तार. टंग! ती मुकादमाच्या टोपीला घेऊन गेली. टोपी आजपर्यंत सापडली नाही.

तिसरी कापताना सून रडत होती. “आई, एकदा बोला. शिव्या द्या. डबा देते तुमचा परत. हव्या तेवढ्या बाटल्या उघडा.”

गठ्ठा म्हणाला, फूऽऽ.

चौथी तार. आता एकच उरली, आणि ती वीणेच्या तारेसारखी गात होती. बायका खांबांमागे दडल्या. मुकादम पाण्याच्या पिंपात उतरला, गळ्यापर्यंत. सुनेने डोळे मिटले आणि कटर दाबला.

धडाम!

असा आवाज कधी ऐकला नसेल तुम्ही. गठ्ठा फुटला आणि बाटल्यांचं कारंजं थेट पत्र्यापर्यंत गेलं. झाकणं उडाली, टप टप टप, बंदुकीच्या गोळ्या जशा. पत्र्याला सत्तावीस भोकं पडली, मोजलीत नंतर. तपासणीबाईंच्या पाटीत सात झाकणं रुतून बसली, ती ढाल नसती तर बाईच चाळणी झाल्या असत्या. तीन कबुतरं आढ्यावरून खाली पडली आणि शुद्धीवर आल्यावर ते गावच सोडून गेली. आणि मग सगळ्या बाटल्यांतला कोंडलेला श्वास एकदम सुटला. हुऽऽश्श! असा मोठा सुस्कारा, की फाटकाबाहेर रस्त्यावर झाडाखाली निजलेला माणूस उठून म्हणाला, “काय झालं, आई?”

बाटल्या पडायच्या थांबल्या. सून गुडघ्यांवर त्या ढिगात रांगत होती, दोन्ही हातांनी उपसत होती. हातमोजा सापडला. तिने ओढला. तो सहज आला. हलका.

रिकामा.

पुन्हा उपसलं. साऱ्याजणी धावल्या, तपासणीबाईसुद्धा गुडघे टेकून उपसू लागल्या. तळाची फरशी लागली. बाटल्याच बाटल्या. ना केस, ना कपडा, ना रक्ताचा थेंब.

“बघ!” पिंपातून मुकादम ओरडला. “म्हटलं नव्हतं, नुसता हातमोजा! आता लाल मूठ उचल आणि दुसरा तरी नीट दाब!”

बायका हसायला लागल्या, जीव भांड्यात पडल्यावर हसतात तशा. सूनही हसणार होती. पण तिची नजर पुन्हा त्या चपलांवर गेली. छोट्या दारापाशी, शेजारी शेजारी, बोटं दाराकडे.

पहिल्या गठ्ठ्यात नव्हती. मग चपला इथे का?

तिने हळूच मान वर केली. पेटीवर हिरवा दिवा तसाच जळत होता.

तुम्हाला सांगते, गठ्ठा फुटताना ती भ्यायली नव्हती इतकी त्या इवल्याशा हिरव्या दिव्याला भ्यायली. त्याच बटणावर तिचं बोट होतं. बोट दाबायच्या बेतात होतं. मध्ये फक्त एका फाटक्या हातमोज्याचं अंतर होतं.

ती छोट्या दारापाशी गेली. ओरडली नाही. कुजबुजली, “आत कोण?”

काही नाही.

“आत कोण?”

बाटल्या खुळखुळल्या.

“आत कोण हो, आई?”

“मी आहे,” आतून आवाज आला. “कोण असणार दुसरं?”

साऱ्यांनी मिळून म्हातारीला बाहेर काढलं. केसांत बाटल्या, नाकावर धूळ, उजव्या हातात चपला शिवायचा टोचा आणि त्या हातात मोजा नाही. टोचा नीट धरता यावा म्हणून काढून पट्ट्याच्या कडेवर ठेवला होता, तो तिथून घसरून पेटीत गेला असणार. यंत्र येत नाही तर आपणच यंत्र, असं तिने मनाशी ठरवलं होतं. झाकण काढायचं नाही ना? ठीक. झाकण राहू दे, बाटलीला भोक पाडू. नियमही राहील आणि श्वासही सुटेल. मागच्या अंगाला बसून तिने ढिगातल्या बाटल्या टोचल्या, म्हणून पहिल्या खेपेला ती दारापाशी नव्हती. परत येऊन बघते तर गठ्ठा फुगलेला, आणि त्याच्या तोंडासमोर सून तारा पिळत उभी. पुढचा गठ्ठा तरी फुगू नये म्हणून म्हातारी चपला काढून पेटीत शिरली आणि एकेक बाटली टोचत बसली, तर वरून पट्ट्याने तिला गळ्यापर्यंत पुरली.

“मी हाक मारली होती, आई,” सून म्हणाली. “दुसऱ्यांदाही मारली. तुम्ही उत्तर का नाही दिलंत?”

“उत्तर नाही आलं तर दाबायचं नाही, असा नियम आहे,” म्हातारी म्हणाली. “मला वाटलं, तू नियमाची पक्की.”

यावर सून जी रडायला लागली, ती काही केल्या थांबेना. म्हातारीने तिच्या डोक्यावरची झाकणं वेचून काढली, एकेक.

तपासणीबाईंनी टोचलेली एक बाटली उचलली आणि चेपली. फुस्स झालं आणि ती चपटी होऊन पडली. बाईंनी पाटीवरची सात झाकणं उपटली आणि लिहिलं की जिथे यंत्र पोचलेलं नाही तिथे झाकणाची सक्ती नको, यंत्र आधी, कायदा मागून. टाळं लागलं नाही. यंत्र सहा महिन्यांनी आलं, तोवर तीस जणी तीस टोचे घेऊन बसायच्या. आणि सून पुन्हा कधी उत्तराशिवाय बटण दाबती झाली नाही. एकदा पाहुणे आले म्हणून सगळे चहाला गेले, तर ही उत्तराची वाट बघत संध्याकाळपर्यंत तशीच उभी.

तर हे असं घडलं. सत्तावीस भोकं खरी, कबुतरं खरी, मुकादमाची टोपीही खरी.

बरं, शपथ घेतलीय म्हणून सांगून टाकते. एक गोष्ट तेवढी पदरची घातली. “मी आहे” असं आतून कुणी म्हणालं नाही. नियमाचं ते बोलणंही झालं, पण चार दिवसांनी. त्या वेळी आतून फक्त टोच्याने पत्रा वाजवला, ठक ठक ठक. ऐकू सगळं येत होतं. पहिली हाकही, तिसरीही. पण बोलणं सुनेने तोडलं होतं ना, साऱ्यांसमोर हसून?

मग मी का म्हणून आधी बोलू?